हातात धरायचा स्पेक्ट्रोस्कोप : शेड जुळवणाऱ्याच्या नजरेतून

इचलकरंजीतील एका प्रोसेस हाउसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या, लॅबमध्ये मी सव्वीस वर्षे कापडाची शेड जुळवण्याचे काम करतो आहे. पार्टीने पाठवलेला चार बोटांचा तुकडा समोर ठेवायचा, तोच रंग आपल्या कापडावर उतरवून दाखवायचा आणि तो पार्टीच्या दुकानातही तसाच दिसेल याची जबाबदारी घ्यायची, असे हे काम आहे. त्यासाठी आमच्याकडे लाखो रुपयांचा स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे. कापड किती प्रकाश परत पाठवते हे तो ४०० पासून ७०० नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) तरंगलांबीपर्यंत दर १० नॅनोमीटरला मोजतो आणि ३१ आकडे पडद्यावर मांडतो. गंमत अशी, की या एकतीस आकड्यांवर माझे पोट चालत असूनही त्यांतल्या एकाही तरंगलांबीचा सुटा रंग मी डोळ्यांनी कधी पाहिलेला नव्हता. मुलगी यंदा दहावीला आहे. तिच्या पुस्तकात प्रकाशाचे अपस्करण आले आणि तिने विचारले, "पप्पा, ५०० नॅनोमीटर म्हणजे नेमका कोणता रंग?" मी म्हणालो, "हिरवा, पण निळ्याकडे झुकणारा." ती म्हणाली, "दाखवा." त्या एका शब्दापायी हा स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारी डबी, घरात आला.

साडेचौदाशे रुपयांना तो ऑनलाइन मागवला. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच साच्यातील डबी मला वेगवेगळ्या नावांनी विकायला असलेली दिसली आणि कोणती कोणाची हे सांगणे कठीण आहे. पहिला नग आला तेव्हा आतली ग्रेटिंगची, म्हणजे प्रकाशातले रंग फाकवणाऱ्या अतिबारीक रेघांची, फिल्म चौकटीतून निसटून तिरकी झाली होती, त्यामुळे रंगांचा पट्टा स्केलला समांतर न पडता जिना चढल्यासारखा वर जात होता. विक्रेत्याने तक्रार न करता नग बदलून दिला, त्यात आठवडा गेला. दुसरा नग तीन महिने वापरला आहे आणि पुढील मत त्याच्याविषयी आहे.

वस्तू दिसायला अगदी साधी आहे. पंख्याच्या पात्यासारखी एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला रुंद होत गेलेली काळ्या प्लॅस्टिकची डबी, लांबीला जेमतेम वीतभर. अरुंद टोकाला डोळा लावायचे भोक असून त्याच्या आत दर मिलिमीटरला ५०० रेघा असलेली पारदर्शक ग्रेटिंग बसवली आहे. रुंद टोकाच्या एका कडेला उभी फट आहे आणि उरलेल्या रुंदीवर ४०० ते ७०० असे आकडे छापलेली अर्धपारदर्शक पट्टी आहे. फट दिव्याकडे रोखायची आणि डोळा लावून नजर किंचित बाजूला, आकड्यांच्या पट्टीकडे न्यायची, की त्या पट्टीवर रंग उमटलेले दिसतात.

हे आकडे तिथे कसे आले, हे समजून घेतल्याशिवाय या वस्तूची पारख करता येत नाही. मिलिमीटरला ५०० रेघा म्हणजे दोन रेघांमधील अंतर २००० नॅनोमीटर. प्रकाशाची तरंगलांबी भागिले हे अंतर, एवढी त्या प्रकाशाच्या वळणाच्या कोनाची साइन असते. म्हणजे ४३६ नॅनोमीटरचा निळा-जांभळा प्रकाश सुमारे साडेबारा अंशांनी वळतो, ५४६ चा हिरवा १५.८ अंशांनी आणि ६११ चा तांबूस नारिंगी १७.८ अंशांनी. डबीवरची पट्टी ही खरे तर कोनाची पट्टी आहे; तिच्यावर अंशांऐवजी नॅनोमीटर छापले आहेत इतकेच. सोबतच्या माहितीपत्रकात मात्र "जांभळा रंग सर्वांत जास्त वळतो" असे ठणकावून लिहिले आहे. ते लोलकाचे वर्णन आहे. ग्रेटिंगमध्ये नेमके उलटे होते, सर्वांत जास्त तांबडा वळतो. शिवाय लोलक तांबड्या बाजूचे रंग दाटीवाटीने बसवतो आणि जांभळ्या बाजूचे ऐसपैस पसरवतो, तर ग्रेटिंगमध्ये नॅनोमीटरमागे मिळणारी जागा जवळजवळ सारखी असते, म्हणूनच तिच्यावर सरळ पट्टी छापता येते. मुलीने पुस्तकातील आकृती आणि डबीतला पट्टा शेजारी ठेवून, "यातले चूक कोण?" असे विचारले, तेव्हा दोघेही बरोबर असून माहितीपत्रक चूक आहे, हे तिला पटवण्यात एक संध्याकाळ गेली. साडेचौदाशे रुपयांच्या शैक्षणिक वस्तूत ही चूक क्षम्य नाही.

पहिला प्रयोग माळ्यावर सापडलेल्या साठ वॅटच्या फिलामेंटच्या बल्बवर केला. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत एकसंध पट्टा दिसला, कुठेही खंड नाही, फक्त तांबडी बाजू धगधगीत आणि जांभळी बाजू विझत गेलेली. तापलेली तार सगळ्याच तरंगलांबींचा प्रकाश देते, पण लांब तरंगांचा हात सढळ आणि आखूड तरंगांचा आखडता. या बल्बखाली निळी साडी मळकट का दिसते, याचे उत्तर त्या विझलेल्या टोकातच आहे.

नंतर फट बाल्कनीतल्या जुन्या ट्यूबकडे वळवली आणि मी, खरे सांगायचे तर, काही क्षण बोलायचा थांबलो. फिकट रंगांच्या पट्टीवर कोणीतरी धारदार पेनाने चार उभ्या रेघा ओढाव्यात तसे दृश्य होते. जांभळ्यात एक मंद रेघ, निळ्या-जांभळ्याच्या सीमेवर एक ठळक रेघ, हिरव्यात डोळ्यांत भरणारी एक लखलखीत रेघ आणि पिवळ्यात एक बारीक रेघ. या पाऱ्याच्या वाफेच्या रेघा आहेत : ४०४.७, ४३५.८, ५४६.१ आणि ५७७ व ५७९ ची जवळजवळची जोडी. पाऱ्याच्या अणूतील इलेक्ट्रॉन ठरावीक पायऱ्यांवरूनच खाली उतरू शकतो आणि प्रत्येक उतरणीला ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सुटतो, त्यामुळे ट्यूब कोणत्याही गावातली आणि कोणत्याही कंपनीची असली तरी या रेघा तसूभरही हलत नाहीत. रेघांच्या मागचा फिकट पट्टा ट्यूबच्या आतल्या पांढऱ्या लेपाचा असतो. घरातल्या एकुलत्या एका सीएफएलमध्ये हाच खेळ वेगळा दिसला : तिथे सलग पट्टा जवळपास नाहीच, वेगवेगळ्या रंगांचे सुटे खांब उभे असतात आणि ६११ च्या आसपासचा तांबूस नारिंगी खांब सगळ्यांत उठून दिसतो. तो लेपातील युरोपियमचा.

हिरवी रेघ एवढी झळाळते याचे थोडे श्रेय डोळ्यालाही आहे. उजेडात आपला डोळा सर्वांत जास्त संवेदनशील असतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, आणि ५४६ त्याच्या अगदी शेजारी. उलट ४०५ ची रेघ मुलीला स्पष्ट दिसते, मला मात्र ती आहे असे कळल्यावरच दिसते. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते आणि आखूड तरंगांचा प्रकाश अडवू लागते. त्रेपन्नाव्या वर्षी मी जांभळ्या शेडवर एकट्याने सही का करू नये, हे या साडेचौदाशेच्या डबीने मला लाखो रुपयांच्या यंत्रापेक्षा स्पष्ट सांगितले. आता आमच्या लॅबमध्ये जांभळ्याचा शेवटचा निकाल पंचविशीतली सहकारी देते.

पाऱ्याच्या या अढळ रेघांचा उपयोग स्केल तपासायला होतो, आणि इथे या नगाचे पितळ उघडे पडले. ४३६ ची रेघ माझ्या पट्टीवर ४४२ ला दिसते, ५४६ ची ५५४ ला आणि सीएफएलचा ६११ चा खांब ६२० ला. चूक सर्वत्र सारखी असती तर पट्टी नुसती सरकली आहे असे म्हणता आले असते. पण ती सहा, आठ, नऊ अशी वाढत जाते, म्हणजे पट्टी थोडी सरकली आहे आणि थोडी ताणूनही छापली आहे. रंग ओळखायला ही चूक आड येत नाही, पण आकडा वहीत लिहायचा असेल तर येते. ज्याला हे ठाऊक नाही तो पट्टीवर ५८० वाचून पिवळा लिहील आणि प्रत्यक्ष प्रकाश ५७१ चा, हिरव्याच्या उंबरठ्यावरचा असेल. विकत घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी ट्यूब किंवा सीएफएल गाठून आपल्या नगाच्या चुका मोजाव्यात आणि डबीवर चिकटपट्टी लावून त्यावर लिहून ठेवाव्यात. उत्पादकाने माहितीपत्रकात हे दोन ओळींत सांगितले असते तर ही तक्रार उरलीच नसती.

दुसरी मर्यादा फटीची आहे. माझ्याकडील फीलर गेजचे (फट मोजायच्या पात्यांच्या संचातले) ०.२० मिलिमीटरचे पाते तिच्यात बेताने जाते. फट आणि ग्रेटिंग यांत १५ सेंटिमीटर अंतर धरले, तर एवढ्या रुंदीची फट पट्टीवर सुमारे अडीच नॅनोमीटर रुंद दिसते. म्हणून पाऱ्याच्या पिवळ्या जोडीतल्या दोन नॅनोमीटर अंतरावरच्या रेघा इथे एकच होऊन दिसतात आणि सोडियमच्या ५८९.० व ५८९.६ या रेघा वेगळ्या दिसण्याचा प्रश्नच येत नाही. फट अरुंद केली तर रेघा धारदार होतील पण उजेड कमी होईल. निर्मात्याने साधलेला समतोल मला योग्य वाटतो. फटीच्या एका कडेला प्लॅस्टिकचा बारीक कंगोरा राहिला होता, त्याची सावली पट्ट्यावर आडव्या काळ्या रेषेसारखी पडत असे. तो मी सुईने काढला.

आता ज्या प्रश्नासाठी हा खटाटोप झाला, त्याविषयी. शाळेत आपण सगळ्यांनीच "तानापिहिनिपाजा" घोकले आहे : तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. डबीत डोळा घालून बघताना या सात नावांपैकी पारवा काही केल्या सापडत नाही. निळा गडद होत होत जांभळा होतो, मध्ये पारवा म्हणून वेगळा मुक्काम मला दिसला नाही, मुलीला दिसला नाही आणि बायकोलाही दिसला नाही. न्यूटन यांनी रंगांची संख्या सात धरली ती सुरांच्या सप्तकाशी मेळ घालून, हे कळल्यावर मुलीला जरा फसवल्यासारखे वाटले. पट्ट्यावर सीमारेषा नाहीतच. हिरवा कुठे संपला आणि पिवळा कुठे लागला, हे घरातील चौघांना एकमेकांपासून लपवून विचारले, तर उत्तरांत बारा नॅनोमीटरचा फरक पडला. पुस्तकांत हिरवा ४९५ ते ५७० आणि पिवळा ५७० ते ५९० असे आकडे दिलेले असतात. ते सोयीचे असले तरी शेताच्या बांधासारखे माणसांनी घातलेले आहेत. पिवळ्याच्या वाट्याला जेमतेम वीस नॅनोमीटर आले आहेत आणि हिरव्याला त्याच्या जवळजवळ चौपट, ही वाटणीही निसर्गाची नाही, आपल्या डोळ्याची आहे.

त्याहून मोठी मौज म्हणजे जे रंग या पट्ट्यात नाहीतच. आमच्या धंद्यात ज्याला राणी कलर म्हणतात आणि लग्नसराईत ज्याचे लॉटच्या लॉट निघतात, त्याला तरंगलांबीच नाही. ४०० ते ७०० मधला कोणताही एक आकडा निवडा, त्यातून राणी रंग मिळणार नाही. रंग बदलणारी एलईडीची माळ राणी रंगावर लावून फट तिच्यावर रोखली, तेव्हा पट्टीच्या एका टोकाला निळा खांब आणि दुसऱ्या टोकाला तांबडा खांब दिसला, मधला हिरवा प्रांत पूर्ण काळोखात. निळा आणि तांबडा एकाच वेळी डोळ्यात शिरले आणि हिरव्याने दांडी मारली, की मेंदू जो निष्कर्ष काढतो त्याला आपण राणी म्हणतो. चॉकलेटीही पट्ट्यात नाही. तो मंद नारिंगी आहे, आणि आजूबाजूला त्याच्याहून उजळ काही असेल तरच तो चॉकलेटी वाटतो.

पिवळ्याची गोष्ट मुलीला सर्वांत जास्त आवडली. गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकले की ज्योत पिवळी होते, आणि डबीतून पाहिले तर पट्टीवर एकच पिवळी रेघ दिसते, सोडियमची. (हे करताना बर्नरवर मीठ सांडू देऊ नये, मला घरात बोलणी खावी लागली.) मग मोबाइलच्या ओएलईडी पडद्यावर तसाच पिवळा रंग भरून फट त्याच्याकडे नेली. पडदा डोळ्यांना तितकाच पिवळा दिसत होता, पण डबीत पिवळ्याच्या जागी जवळजवळ काळोख होता आणि त्याच्या एका बाजूला हिरवा, दुसऱ्या बाजूला तांबडा असे दोन उंचवटे होते. आपल्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या तीनच प्रकारच्या पेशी आहेत, आणि त्या साधारणपणे ४२०, ५३० आणि ५६० च्या आसपास सर्वाधिक प्रतिसाद देतात. शेवटच्या दोघींना मिठाच्या ज्योतीने जेवढे उत्तेजित केले, तेवढेच हिरव्या-तांबड्या जोडीने केले, तर मेंदूला दोन्हींतला फरक कळायला मार्ग नाही. एका तरंगलांबीपासून एक रंग निश्चित मिळतो, पण रंगावरून तरंगलांबी सांगता येत नाही. "५०० म्हणजे कोणता रंग" याला उत्तर आहे. "हा रंग म्हणजे किती नॅनोमीटर" या प्रश्नाला बहुतेक वेळा नाही.

स्वयंपाकघरातील दोन नमुनेही पाहण्यासारखे आहेत. हळद पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून स्पिरिटमध्ये घोळवून ते गाळून घेतले आणि बाटली फिलामेंटच्या बल्बसमोर धरली. पट्ट्यातला जांभळा आणि निळा भाग कापून टाकल्यासारखा नाहीसा झाला. हिरवा, पिवळा, नारिंगी, तांबडा सगळे जागच्या जागी. हळदीचा पिवळा म्हणजे पांढऱ्यातून निळा वजा. कोकमाचे आगळ पाणी घालून फिकट केले तेव्हा हिरवा भाग गेला, तांबडा शिल्लक राहिला आणि निळ्या-जांभळ्याची एक पुसट कडही राहिली, जी नुसत्या डोळ्यांना त्या ग्लासात कधीच दिसली नसती. रंगारी काय करतो, हे मला कोणी विचारले तर मी आता हे दोन ग्लास दाखवीन. आम्ही कापडावर रंग चढवतो असे म्हणतात. प्रत्यक्षात आम्ही प्रकाशातून काही तरंगलांबी काढून घेतो.

कामाच्या दृष्टीने मला सर्वांत उपयोगी पडले ते दिव्यांचे निरीक्षण. मध्यंतरी एका पार्टीचा खाकीचा लॉट आमच्या लाइट बॉक्समधील (वेगवेगळ्या दिव्यांखाली कापड पाहण्याच्या पेटीतील) टीएल ८४ प्रकारच्या ट्यूबखाली पास झाला आणि त्यांच्या नव्या शोरूममध्ये तांबूस दिसतो म्हणून परत आला. मूळ नमुना एका कृतीने रंगवलेला होता, आमचा दुसऱ्या. दोन्हींचे एकतीस आकडे वेगळे होते, पण एका दिव्याखाली त्यांची बेरीज डोळ्याला सारखी लागत होती. याला आमच्याकडे मेटामेरिझम म्हणतात आणि खाकी, राखाडी, ऑलिव्ह या शेडमध्ये तो हमखास नडतो. हे मला पाठ होते. पण डबीतून आधी टीएल ८४ आणि मग शोरूमसारखा पांढरा एलईडी पाहिला, तेव्हा ते कारण समोर उभे राहिले. टीएल ८४ मधला तांबडा जवळपास सगळा ६११ च्या खांबात कोंबलेला असतो. एलईडीत आधी ४५० च्या आसपास निळ्याचा उंच सुळका, त्याच्यापुढे ४८० च्या सुमारास एक खोलगट अंधार आणि मग हिरव्यापासून तांबड्यापर्यंत पसरलेला पिवळ्या लेपाचा रुंद डोंगर असतो. एका दिव्याने कापडाला ६११ लाच तांबड्याचा प्रश्न विचारला आणि दुसऱ्याने ६०० ते ६८० सगळीकडे विचारला, तर उत्तरे वेगळी येणारच. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउज पीस हातात घेऊन बायका दुकानाच्या दारात उन्हाच्या उजेडात जातात, त्याला आमचे काही सेल्समन हसतात. त्यांनी एकदा ही डबी दुकानातल्या दिव्यावर आणि मग आकाशावर धरून पाहावी.

आकाशावर धरावी असे म्हटले, सूर्यावर नव्हे. फटीतून सुद्धा सूर्याकडे थेट कधीही पाहू नये. माहितीपत्रकात ही सूचना आहे, पण अगदी तळाशी आणि बारीक अक्षरांत. ती डबीवरच कोरायला हवी होती. पांढरा ढग किंवा उन्हाने उजळलेली चुन्याची भिंत पुरेशी आहे. त्या पट्ट्यात बारकाईने पाहिले की काही ठिकाणी केसासारख्या काळ्या रेघा दिसतात. या डबीत मला निळसर हिरव्यातील ४८६ ची हायड्रोजनची आणि हिरव्यातील ५१७ जवळची मॅग्नेशियमची खात्रीने दिसली. ५८९ ची सोडियमची पुसट आणि ६५६ ची हायड्रोजनची कधी दिसली, कधी नाही. जर्मनीत फ्राउनहोफर यांनी १८१४ मध्ये अशा पाचशेहून अधिक रेघांची नोंद केली आणि ठळक रेघांना अक्षरे दिली. त्या कोणत्या मूलद्रव्यांच्या हे उलगडायला १८५९ मध्ये किरखोफ आणि बुन्सेन हे जर्मन शास्त्रज्ञ यावे लागले. मिठाच्या ज्योतीतली पिवळी रेघ आणि सूर्यप्रकाशातली काळी रेघ एकाच आकड्यावर येतात, ही गोष्ट गॅसच्या शेगडीपासून खिडकीपर्यंत चार पावले चालून आपली आपण तपासता येते. साडेचौदाशे रुपये मला वसूल वाटले ते इथे.

याच पिवळ्याच्या शेजारी हेलियमची गोष्ट आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया आपल्या कोकणावरून गेली, आणि विजयदुर्ग किल्ल्यावरील साहेबाचे ओटे त्या ग्रहणाशी जोडले जातात. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी हेलियम तिथूनच शोधला असे आपल्याकडे पुष्कळदा छापून येते. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. ग्रहण पाहायला आलेले फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, आणि लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच, ग्रहणावाचून, सूर्याच्या कडेवरील ज्वालांची पिवळी रेघ पाहिली. हेलियमची ती रेघ ५८७.६ ची, सोडियमपासून दोन नॅनोमीटरच्याही आत. माझ्या डबीची फटच अडीच नॅनोमीटर रुंद दिसते, म्हणजे हिच्यातून पाहणाऱ्याने त्या रेघेला सोडियम समजून वही मिटली असती.

घरी सीडीचा तुकडा आणि पुठ्ठ्याचे खोके यांतून असे उपकरण फुकटात करता येते, हे खरे आहे. सीडीच्या वर्तुळाकार खोबणींतील अंतर १६०० नॅनोमीटर असते, म्हणजे मिलिमीटरला ६२५ रेघा, या ग्रेटिंगपेक्षाही दाट. आम्ही ते करून पाहिले. ट्यूबच्या रेघा त्यातही दिसतात, पण खोबणी वक्र असल्याने रेघा वाकतात आणि पट्टी जुळवणे हा वेगळाच उद्योग होऊन बसतो. आकडे नको असतील, नुसते रंग पाहायचे असतील, तर खोके पुरेसे आहे.

उरलेल्या तक्रारी लहान आहेत. अंधाऱ्या खोलीत आकडे दिसत नाहीत, कारण पट्टीला बाहेरून उजेड लागतो. मी मागून मोबाइलचा मंद उजेड दाखवतो. डबीला झाकण किंवा पिशवी नाही, त्यामुळे फटीत कापसाचे तंतू अडकतात, आणि इचलकरंजीत त्यांची वाण नाही. मोबाइलने काढलेल्या फोटोत पट्टा तीन ठोकळ्यांसारखा दिसतो, पिवळा आणि निळसर हिरवा आक्रसून जातात. हा दोष डबीचा नाही, कॅमेऱ्यातील तीन रंगांच्या गाळण्यांचा आहे. विक्रेत्याच्या पानावरील फोटो पाहून कोणी ही वस्तू नाकारू नये. आणि प्रोसेस हाउसमधील कोणी शेड जुळवायला ही घ्यावी म्हणत असेल, तर घेऊ नये. कापडावरून परतणारा उजेड हिच्यात फार मंद दिसतो आणि कोणती तरंगलांबी किती प्रमाणात आहे याचा आकडा ती देत नाही. दहावी-बारावीच्या घरात, शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा दिव्यांची खरेदी करणाऱ्याच्या खिशात मात्र ती असावी. पाचपैकी साडेतीन तारे देतो. स्केल नीट छापले आणि माहितीपत्रक दुरुस्त केले तर साडेचार देईन.

घरात आता सगळे दिवे एलईडीचे झाले आहेत आणि बाल्कनीतली ट्यूबही बदलू या, असा आग्रह चालला आहे. ती काढायची नाही असे मी सांगून ठेवले आहे. सीएफएल गेल्या आठवड्यात गेला, आणि डबीचे स्केल तपासायला आता तेवढी एकच ट्यूब उरली आहे.